पाचवा आणि अकरावा

सून दुकानात आली तेव्हा मी शिवून झालेल्या पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होतो. सरस लावताना मधे थांबता येत नाही, थंड झाला की गुठळ्या धरतो. तिला ते माहीत आहे. ती स्टुलावर बसून राहिली. ती कवळ्या बनवते. माझी कवळीही तिच्याच हातची, त्यामुळे एरवी आल्याआल्या ती माझ्या तोंडाकडे बघते आणि दारातूनच सांगते की नीट बसलेली नाही. त्या दिवशी तिने बघितलं नाही.

"बाबा, तुमचं रक्त लागणार आहे," ती म्हणाली.

"तुला?"

"मला नाही. तपासायला."

मी ब्रश पाण्यात टाकला.

तिला तेव्हा एकोणिसावा आठवडा चालू होता. आदल्या वर्षी एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी सोळाव्या आठवड्यात पोटातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं होतं. मला एवढंच माहीत होतं. त्याचा निकाल येऊन नऊ-दहा दिवस झाले होते आणि तेवढ्यात तिने स्वतःचं रक्तही तपासून घेतलं होतं, हे तिने आत्ता सांगितलं.

"बाळाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालीय म्हणतात. माझ्यात तसलं काही नाही. राहिला तुमचा मुलगा. तो बसलाय समुद्रात."

माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो. रविवारी त्याला दहा मिनिटं फोन मिळतो, तोही अर्धा खरखरीत जातो.

"पुढचं बंदर कधी आहे?"

"चोवीस दिवसांनी. आणि डॉक्टर म्हणतात माझ्याकडे पंधरा आहेत."

"कसले पंधरा?"

"ठेवायचं की नाही ते ठरवायचे." तिने माझ्या टेबलावरची हाडाची घडीपट्टी उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. "उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. तिथली बाई नीट समजावून सांगते. मी सांगायला गेले तर मला रडू येईल, आणि मला रडायचं नाहीये."

माझी बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती असती तर सून माझ्याकडे आलीच नसती. दोघी आत बसल्या असत्या आणि मला तिसऱ्या दिवशी काहीतरी अर्धवट कळलं असतं. आता आतली खोली रिकामी होती. शिलाईची चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या चौकटीवर तिने एकतीस वर्षं पुस्तकं शिवली.

समजावून सांगणारी बाई तरुण होती. खोली लहान, तीन खुर्च्या, टेबलावर रुमालांचा खोका. तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला. काळ्या दोऱ्याचे आखूड तुकडे कापून जोडी जोडीने मांडावेत तसं त्यावर दिसत होतं. सगळ्यांत मोठी जोडी पहिली, मग उतरत्या क्रमाने, प्रत्येक तुकड्यावर आडवे काळे-पांढरे पट्टे.

"काका, ही तुमच्या नातवंडाच्या एका पेशीतली गुणसूत्रं. सेहेचाळीस. तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. डोळे कुणाचे, उंची कुणाची, रक्त कुठल्या गटाचं, हे सगळं यांच्यावर लिहिलेलं असतं. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत याची पूर्ण प्रत असते."

"आणि मूल होताना?"

"तेव्हा निम्मी. प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. कुठलं जाईल ते आपल्या हातात नाही."

मी कागद जवळ ओढला. आमच्या धंद्यात छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखानेवाले एक काळी खूण सोडतात, प्रत्येकावर जरा खाली. फर्मे बरोबर रचले की पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो. कुठे चूक झाली की पायरी मोडते. चाळीस वर्षं मी पाठीवरचा जिना बघत आलो. त्यामुळे बाईने पेन्सिल टेकवायच्या आधीच मला दिसलं. पाचव्या जोडीत एक तुकडा दुसऱ्यापेक्षा आखूड होता आणि त्याच्या टोकाचे पट्टे जोडीदारासारखे नव्हते. अकराव्या जोडीत एक जास्त लांब होता.

"याचं टोक त्याला लागलंय आणि त्याचं याला," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिली. "लोकांना हे दाखवायला मला अर्धा तास घालवावा लागतो."

"हे बाइंडर आहेत," सून म्हणाली. "यांना दुसऱ्याची चूक लगेच दिसते."

"यातलं काही हरवलंय का?" मी विचारलं.

"खरी मेख तिथेच आहे. दिसायला सगळं जागेवर आहे, फक्त जागा बदललीय. पण जिथे तुटून जोडलं गेलं त्या सांध्यावर एखादी ओळ फाटली असेल तर ती या फोटोत दिसत नाही. हा बदल या बाळातच पहिल्यांदा झाला असेल, तर अशा शंभर बाळांत सहा-सात जणांना काहीतरी निघतं. कधी थोडं, कधी फार. पण हाच बदल घरातल्या एखाद्या धडधाकट माणसात सापडला, तर त्याचा अर्थ असा की तो सांधा पक्का आहे. त्या सांध्यावर एक माणूस आयुष्य काढतोय."

"म्हणजे माझा मुलगा."

"त्याचं रक्त मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण पेशी जिवंत लागतात, जहाजावरून इथवर टिकणार नाहीत. त्याची आई नाही असं या म्हणाल्या. आईकडचं कुणी?"

"एकुलती एक होती. तिचे आईवडीलही नाहीत."

"मग तुम्ही उरलात. तुमच्यात निघालं तर आपण सुटलो. नाही निघालं तर आहोत तिथेच. ते त्याच्या आईकडून आलं की नव्यानेच झालं, हे पंधरा दिवसांत कळायला मार्ग नाही."

सुनेचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी वळलेल्या. ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. एखाद्याच्या खिशात आपली किल्ली असेल का, असं बघावं तसं.

"एक विचारते," बाई म्हणाली. "ज्या माणसात अशी अदलाबदल असते तो स्वतः ठणठणीत असतो, कारण त्याच्याजवळ सगळं असतं. पण त्याची मुलं होताना घोळ होऊ शकतो."

तो घोळ मला लगेच कळला, कारण तो मी स्वतः करून बसलेलो आहे. एकदा एका वाचनालयाचे बारा खंडांचे दोन सेट बांधायला आले होते. त्यातल्या एका सेटमध्ये मी तिसऱ्या खंडाचा शेवटचा फर्मा सातव्याला लावला आणि सातव्याचा तिसऱ्याला. एकही पान हरवलं नव्हतं. पूर्ण सेट घेऊन बसणाऱ्याला शोधाशोध करून सगळं मिळालं असतं. पण वाचनालयाने नव्या शाखेसाठी दोन्ही सेट मिसळून प्रत्येक खंडाची एक एक प्रत उचलली. माझा बिघडलेला तिसरा गेला आणि दुसऱ्या सेटचा चांगला सातवा. त्या शाखेत तिसऱ्याची सोळा पानं कुठेच नव्हती आणि सातव्याची सोळा पानं दोनदा होती. मी हे बाईला सांगितलं.

"अगदी हेच," ती म्हणाली. "बिघडलेले दोन्ही गेले तर चालतं. चांगले दोन्ही गेले तर चालतं. एक बिघडलेला आणि एक चांगला गेला की बहुतेक वेळा गर्भ टिकतच नाही. तुमच्या पत्नीचे कधी गर्भ गेले होते?"

"हो."

"किती?"

"चार."

सुनेने मान वर केली. तिला दोनच माहीत होते.

"हे चार गर्भ तुमच्यामुळे गेले असतील किंवा त्यांच्यामुळे," बाई म्हणाली. "दोन्ही सारखंच शक्य आहे." तिने ते सहज सांगितलं. वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

रक्त काढणाऱ्या माणसाने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाला, "आजोबा, घाबरू नका, सुई बारीक आहे."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याला वाटलं मी घाबरलो.

सुईचं आता सांगायला हवं.

आमचं लग्न झाल्यावर पाच वर्षांत चार वेळा माझ्या बायकोला दिवस गेले आणि चारही वेळा गर्भ गेला. माझी आई तेव्हा होती. तिने माझ्या बायकोला गळकं भांडं असं नाव ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची. "गळक्या भांड्याला विचारा, जेवायला वाढू का." मी ताटात बघत असायचो. चौथ्यानंतर डॉक्टरने चिठ्ठी दिली. त्यावर दोघांची नावं होती. नवरा-बायको दोघांचं रक्त एकाच वेळी हवं, गुणसूत्रं बघायची आहेत, असं त्याने दोनदा सांगितलं. सकाळी दहाची वेळ. मी तिला म्हणालो, तू पुढे हो, मी दुकान लावून येतो.

मी गेलो नाही. त्या दिवशी दुकानात काम नव्हतं. मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा खाली काढला आणि आकाराप्रमाणे परत लावला. मग परत काढला. माझ्यात खोट असेल असं मला वाटत नव्हतं, मी कधी आजारी पडलो नव्हतो. पण गेलो असतो आणि कागदावर माझं नाव आलं असतं तर आईसमोर काय तोंड दाखवलं असतं, हाही विचार होता. तो मी त्या पुठ्ठ्यांखाली दाबून ठेवला.

ती दहापासून एकपर्यंत बाकावर बसली. दोघं असल्याशिवाय ते रक्त घेईनात. ती परत आली तेव्हा आई दारातच होती. मीही जेवायला आलो होतो.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"मी रक्त दिलंच नाही," ती म्हणाली. "मला सुईची भीती वाटली. उठून आले."

आई हसली. बायको माझ्याकडे न बघता आत गेली. मी तेव्हा बोललो असतो तर दोन शब्दांचं काम होतं. मी हात धुतले आणि जेवायला बसलो.

त्यानंतर दीड वर्षाने मुलगा झाला आणि ती चिठ्ठी सगळे विसरले. पण सुईची गोष्ट राहिली. आई गेल्यावरही राहिली. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि ती चौकटीवर बसलेली असली की मीच सांगायचो, "आमची ही दिवसभर सुई चालवते आणि सुईलाच घाबरते." गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची आणि दोरा ओढायची. तिच्या डाव्या अंगठ्याला इतकी भोकं पडली होती की कातडं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. शेवटच्या दुखण्यात रोज तीन-चार सुया टोचायच्या. नर्स मला म्हणाली, "आजी फार सोशिक आहेत, हू का चू करत नाहीत." मी मान डोलावली.

निकालाला आठ दिवस लागणार होते. सून तेवढे दिवस माझ्याकडे राहायला आली. एकटीला घरात बसवत नाही म्हणाली. कामाचा डबाही घेऊन आली, त्यात प्लास्टरचे जबडे, मेण, कानशी. जेवणाच्या टेबलावर ते जबडे रांगेने मांडलेले असायचे.

"बाबा, यांच्यासमोर जेवायला संकोच वाटतो का?"

"नाही. निदान हे जेवणाला नावं ठेवत नाहीत."

एवढं बोललो की पुन्हा आपापलं काम. घड्याळ, कानशीचा आवाज, माझा दाभण.

पहिले दोन दिवस मी मनात काय म्हणत होतो ते लिहायला जड जातंय. मी म्हणत होतो, माझ्यात निघू नये. निघालं नाही तर सगळं जसं आहे तसं राहील. ते तिच्यातलं होतं असं समजता येईल, आणि ती तर आता नाही. पोटातल्या बाळाचा मी त्या दोन दिवसांत एकदाही विचार केला नाही. असा माणूस आहे मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून टेबलावर काम करत होती. एकदम कानस थांबली. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, बोटं ताणून.

"काय झालं?"

"काही नाही. हललं."

"पहिल्यांदा?"

"काल पण हललं होतं." ती हात उचलत नव्हती. "मी हात लावणार नाही. निकाल येईपर्यंत पोटाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. लावला तर मग नको म्हणता येणार नाही मला."

तिची नखं प्लास्टरने पांढरी झाली होती. ती तशीच बसून राहिली, एखाद्याने हात वर कर म्हणून दम दिल्यासारखी, फक्त हात वर नव्हते, टेबलावर होते. नंतर मी बघू लागलो. उठताना ती टेबलाचा आधार घ्यायची, झोपायला जाताना हात छातीवर घडी घालायची. पोट तेवढं वगळून ती सगळीकडे हात ठेवत होती.

त्या दिवसापासून मी उलटं म्हणायला लागलो. माझ्यात निघू दे. सकाळी खळ शिजवताना, पुठ्ठा कापताना, दुसरा शब्दच नव्हता. आणि ते म्हणताना दर वेळी समोर बाक दिसायचा, दहा ते एक.

रविवारी मुलाचा फोन आला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात.

"तू काय ते ठरव," तो म्हणत होता. "मला मान्य आहे."

"मला एकटीला नको ठरवायला लावूस."

खरखर.

"ऐकू आलं का तुला?"

"आलं," तो म्हणाला. "बाबांनी रक्त दिलं ना? बरं झालं आईवर वेळ आली नाही, ती सुई बघूनच पळाली असती."

सून हसली नाही. माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे बघितलं.

सहाव्या दिवशी तिने विचारलं. भांडी पुसत होती, पाठ माझ्याकडे होती.

"चार गेले होते. मला आईंनी दोन सांगितले."

"हो."

"कुणीच तपासलं नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पुठ्ठे, बाक, आई दारात, बायको काय म्हणाली, मी काय म्हणालो नाही. गळकं भांडंही सांगितलं. सून हातातली ताटली पुसत राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"आणि तुम्ही ते लोकांना सांगून हसायचात," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधी मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा मलाही सांगितलं होतंत."

"हो."

"त्या चहा घेऊन येत होत्या तेव्हा."

"हो."

तिने ताटली ठेवली. "माझ्याशी आज बोलू नका," ती म्हणाली आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवायची आणि स्वतः आधी जेवून घ्यायची. मला वाटलं ती निघून जाईल. ती गेली नाही. जबडे मात्र तिने टेबलावरून उचलून खोलीत नेले.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या तीन खुर्च्यांच्या खोलीत बसलो. बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली होती, मी मागे. आता शेजारी होतो, पण मधे तिची पिशवी. रुमालांचा खोका होता तिथेच होता. बाई आली तेव्हा तिच्या हातात पाकीट होतं. ती खुर्ची ओढून बसते, चष्मा लावते, तेवढा वेळही सुनेने श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

बाईने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे बाळाचा, उजवीकडे माझा. बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून थांबली. बहुतेक तिला मागची वेळ आठवली.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

मी पहिली जोडी बघितली, मग दुसरी. ओळ सोडून उडी मारायची नाही ही सवय आहे. तिसरी, चौथी. पाचवीत एक आखूड. टोकाचे पट्टे जोडीदारासारखे नाहीत. एक रुंद काळा, मग पांढरा, मग दोन बारीक काळे. मी डावीकडच्या कागदावर बोट ठेवलं. एक रुंद काळा, पांढरा, दोन बारीक. मग अकरावी. लांब. पायरी त्याच जागी मोडलेली, दोन्ही कागदांवर.

"तेच आहे," मी म्हणालो. "माझंच आहे."

"हो," बाई म्हणाली. "तुमच्याकडून मुलाकडे आणि त्याच्याकडून बाळाकडे. तुमचं वय?"

"सहासष्ट."

"मोठं काही दुखणं?"

"दात गेले."

"दातांचा याच्याशी संबंध नाही." मग ती सुनेकडे वळली. "आता या बाळाची जोखीम दुसऱ्या कुठल्याही बाळाइतकीच. त्याहून कमी मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण या अदलाबदलीची काळजी सोडा. एकच लक्षात ठेवा, हे मूल मोठं होऊन स्वतःच्या मुलांचा विचार करेल तेव्हा त्याला हे सांगावं लागेल. खरं सांगावं लागेल. आणि जोडीदारालाही."

सुनेने काही विचारलं नाही. तिने पिशवी खाली ठेवली, पुढे झुकली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. नुसते ठेवले नाहीत, पोट दोन्ही बाजूंनी धरलं. मग खोक्यातले रुमाल एकामागून एक घेतले.

मी माझा कागद बघत होतो. चार वेळा गेले. ज्या चार वेळा माझी बायको आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, त्या चारही वेळा माझा एक बिघडलेला खंड आणि एक चांगला खंड तिच्याकडे गेला असणार. तिची बाजू पूर्ण होती. त्या काळातही एका सकाळच्या रक्तावरून हे कळलं असतं. मी मुद्दाम दिलं नव्हतं, ते माझ्या हातात नव्हतं, बाईने तसं सांगितलंच होतं. बाकावर जाऊन बसणं मात्र हातात होतं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली.

"बाबा, कवळी वर सरकलीय तुमची," ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. "उद्या बघते."

"बघ."

"मी अजून रागावलेली आहे."

"असू दे."

"रविवारी त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही."

रविवारी फोन आला तेव्हा तिने आधी बाळाचं सांगितलं. पलीकडून हसणं उशिरा आलं, मग रडणं, मग इंजिनाचा आवाज. तिने फोन माझ्याकडे दिला आणि उठून गेली नाही, समोरच बसली.

"बाबा, म्हणजे तुमच्यात निघालं," मुलगा म्हणाला. "मी आल्यावर मलाही द्यावं लागेल ना रक्त? मी आईवर गेलोय, सुईला घाबरतो."

"तुझी आई सुईला घाबरत नव्हती," मी म्हणालो.

माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. तेवढ्यात मला थांबता आलं असतं.

"ती दहा वाजता जाऊन बसली होती," मी म्हणालो. "मी गेलो नाही. एकपर्यंत वाट बघितली तिने. घरी येऊन माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी ते खोटं तसंच राहू दिलं. ते चार गेले ते माझ्यामुळे गेले."

खरखर झाली. मग काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला. मी सुनेकडे बघितलं, तिने मानेनेच नाही म्हटलं, चालू आहे.

"पुन्हा सांगा," मुलगा म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.